शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत

केशर वेळीप दुधाची चरवी घेऊन गोठ्यातनं बाहेर आली, तर परशू तिच्या जीपमध्ये बसून सेल्फ मारत होता. घुर्र घुर्र करून गाडी नुसती रडत होती, पकडत काही नव्हती. आणि हा बाबा चावी सोडायला तयार नाही.

"अण्णा, सोडा ती चावी! आधी खाली उतरा!" केशर ओरडली.

"वैनी, तुमचंच काम हलकं करतोय," परशू आतूनच म्हणाला. "थंडी बघा की किती पडलीया. इंजिन गारठलंय. जरा दमानं मारत ऱ्हायलं की पकडतंय."

"किती बारी मारला सेल्फ?"

"मोजलं न्हाई. धा-बारा झालं असंल."

केशरच्या डोक्यात तिडीक गेली. दहा-बारा वेळा! म्हणजे बॅटरी बसली. परशू शेजारचा, माणूस तसा वाईट नाही. पण ज्या कामातलं त्याला काडीचं कळत नाही, त्या कामात त्याचा हात सगळ्यात आधी पुढं. चावी ओट्यावरच्या खुंटीला असायची आणि ओटा सगळ्या वाडीचा होता, त्यामुळे त्याला अडवणार तरी कोण?

एरवी अडवलं असतं ते तिच्या सासऱ्यानं. महाबळेश्वर ओट्यावरच बसला होता, कांबळं डोक्यावरनं घेऊन. तीस वर्षं हीच जीप चालवलेला माणूस. दुसऱ्या कुणी नुसता टायरला हात लावला तरी त्याचं तोंड सुरू व्हायचं. आज मात्र तो गप्प होता. केशरला ते खटकलं, पण विचारत बसायला वेळ नव्हता. सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि आज आठवा दिवस होता.

हा आठवा दिवस काय, ते आधी सांगितलं पाहिजे. बाजारकुणंगच्या वर रानात ही वाडी. बावीस घरं, अकरा पोरं हायस्कूलला, आणि हायस्कूल जोयड्याला. वाडीपासून डांबरी रस्ता साडेचार किलोमीटर, आणि ती वाट सगळी जंगलातली. गव्यांचे कळप तर रोजचेच. गेल्या पावसाळ्याआधी एका अस्वलानं लाकडं आणायला गेलेल्या माणसाचा खांदा फोडला होता. शाळेच्या समितीला पोरं आणायला गाडी ठरवायची होती. रामनगरच्या एका टेम्पोवाल्यानं अर्ज केला होता, पण तो डांबरी सोडून आत यायला तयार नव्हता. म्हणजे पोरांनी सकाळ-संध्याकाळ साडेचार किलोमीटर चालायचं. पोरगे चालले असते. पोरींना मात्र त्यांच्या आयांनी घरी बसवलं असतं, हे केशरला लख्ख ठाऊक होतं. सात पोरी होत्या त्या अकरांत, आणि त्यातली एक तिची रक्षा, आठवीत पहिली आलेली.

म्हणून केशरनं अर्ज टाकला होता. समितीचं काम बघणाऱ्या दीपाली टीचर फार कडक बाई. त्यांनी चष्म्यावरनं केशरकडं बघितलं आणि सांगितलं, "जुनी गाडी, नवी ड्रायव्हर. आठ दिवस आणून दाखवा. साडेनऊच्या घंटेआधी पोरं फाटकाच्या आत. एक दिवस चुकला, तर टेम्पो." सात दिवस बिनचूक झाले होते.

"उतरा," केशर परत म्हणाली, आणि परशू उतरला.

एव्हाना पोरं जमली होती, त्यांच्या मागं त्यांचे आईबाप. जीप खळ्याच्या कडेला उभी होती, तोंड उताराकडं करून, पुढच्या चाकांना दगड लावून. या डोंगरात कुणीही गाडी अशीच लावतो. बॅटरीनं दगा दिला तर दगड काढायचे आणि उतारावर सोडून द्यायची. उतार मात्र एकच. खळ्यापासून फणसाच्या झाडापर्यंत, तिथून चिऱ्यांच्या गडग्याला, दगडी कुंपणाला, वळसा, आणि खाली थेट व्हाळाचं, ओढ्याचं पाणी. पकडली तर पकडली, नाही तर गाडी व्हाळात. मग ती वर ओढून काढायला चार बैल आणि अर्धा दिवस.

"रक्षा, मागं जाऊन उभी ऱ्हा," केशरनं लेकीला सांगितलं. "सायलेन्सरवर नजर ठेव. कसला धूर येतो ते सांग."

तिनं चावी अर्धी फिरवली. इंजिन आतून तापवणाऱ्या हीटरचा लाल दिवा लागला. तो विझेपर्यंत थांबली आणि एकदाच सेल्फ मारला. इंजिन तीन फेरे कण्हत फिरलं आणि बसलं.

"आई, धूरच न्हाई," रक्षा म्हणाली. "काळा न्हाई, पांढराबी न्हाई."

केशरनं बॉनेट उघडलं. बॉनेटवर दव इतकं होतं की पाण्याचे ओघळ आले. आत हात घालून तिनं इंजिनावर तळवा टेकवला आणि ती चपापली. इंजिन कोमट होतं. बंपरला हात लावला तर बोटं बधिर होत होती, आणि रात्रभर उभं असलेलं इंजिन कोमट! हे कसं काय? परशूनं दहा वेळा सेल्फ मारून काही एवढं तापत नाही.

"मी म्हणलं न्हवं, थंडी," परशू मागून म्हणाला. "माझ्या मेव्हण्याचा ट्रॅक्टर हाय. त्यो काय करतो, चिंधी तेलात बुडवून पेटवतो आणि इंजिन वारा वडतंय तिथं धरतो. एका फेऱ्यात चालू!"

"थंडीनं अडलेलं इंजिन पांढरा धूर टाकतं, अण्णा," केशर म्हणाली. "डिझेल आत जातं, पेटत न्हाई, आणि तसंच मागनं बाहेर पडतं. हितं धूरच न्हाई. म्हंजे डिझेल नोझलपतोर पोचंना झालंय. आत डिझेलच न्हाई तर चिंधीनं काय पेटवू? तुमची मिशी?"

बायका हसल्या. परशूनं मिशीवर हात फिरवला आणि तो जरा मागं सरला. पण तेवढ्यात दुसरं कुणीतरी म्हणालं, "मग ढकला की! उशीर कशाला?" आणि चार बापये गडी दगडाकडं वाकलेसुद्धा.

केशर जाऊन दगडावर पाय देऊन उभी राहिली. "दगडाला हात लावंल त्यानं समोर यावं! उतार एकच हाय. डिझेल पोचल्याबिगर गाडी सोडली तर ती व्हाळात जाऊन बसंल, आणि सांच्यापतोर तितंच बसंल. मी सांगतो तवाच ढकलायचं."

इथल्या बायका 'सांगतो, जातो'च म्हणतात. पण त्या वेळी तिचा आवाज असा काही लागला, की बापये कमरेत वाकले होते ते सरळ झाले.

तिनं पान्हा घेतला. डिझेल टाकीतून निघतं, चासिसच्या कडेनं रबरी पाइपातून पुढं येतं, फिल्टरमधून पंपात जातं आणि पंप ते नोझलमधून आत फवारतो. या वाटेत कुठंही हवा शिरली की पंप नुसता हवाच दाबत बसतो आणि नोझलला डिझेलचा थेंब मिळत नाही. हे तिला सासऱ्यानंच शिकवलं होतं, दोन वर्षांमागं, त्याच्या डोळ्यांत पडदा आला तेव्हा. नवरा कृष्णा गोव्याला गवंडीकामाला, महिन्यातून एकदा घरी. चावी कुणाच्या तरी हातात द्यायलाच हवी होती, म्हणून म्हाताऱ्यानं सुनेच्या हातात दिली. पण राजीखुशीनं नाही. दोन वर्षांत एकदाही "बरं केलंस" म्हणून त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. गिअर कसा टाकतीस, क्लच जाळतीस, चढावर दम काढतीस, हेच. केशरला ते लागायचं. कामाला कधी मागं हटली नाही, पण लागायचं ते लागायचंच.

तिनं फिल्टरवरचा हवा काढायचा बोल्ट सैल केला आणि शेजारचा हातपंप दाबायला लागली. बोल्टच्या कडेनं फेस आला. हे तर अपेक्षितच होतं. वीस वेळा दाबला, तीस वेळा दाबला. हवा गेल्यावर फेस थांबून डिझेलची स्वच्छ धार यायला पाहिजे. फेस थांबेचना. पन्नास वेळा दाबून झाल्यावर तिनं हात थांबवला. हवा आत साठलेली नव्हती, कुठून तरी नव्यानं येत होती. आणि फिल्टरच्या आधी आहे काय, तर फक्त पाइप.

ती पाठीवर झोपून गाडीखाली सरकली. पाइप चाचपत गेली. एके ठिकाणी बोटांना रबर लागलंच नाही. वाळल्या शेंगेसारखं कडक काहीतरी लागलं. टॉर्च मारली. वीतभर पाइप भाजून निघाला होता, त्यावर बारीक बारीक भेगा. टाकीकडनं डिझेल ओढलं जायच्या ऐवजी त्या भेगांतून वाराच ओढला जायचा, आणि थेंब काही बाहेर गळत नव्हता. म्हणून वरनं कुणाला कळलं नसतं. तिनं खालच्या मातीवर हात फिरवला. हात पांढरा झाला. राख होती ती, आणि अजून ऊन होती.

केशर गाडीखालीच दोन क्षण पडून राहिली. इंजिन कोमट का होतं ते तिला कळलं. म्हातारा गप्प का होता तेही कळलं.

इथली रीत आहे. बाळंतिणीच्या बाजेखाली खापरात निखारे ठेवतात, थंडीच्या दिवसांत तर रात्रभर. रक्षा झाली तेव्हा केशरला सासू नव्हती आणि माहेर लांब, अणशीकडं. तेव्हा सव्वा महिना रोज पहाटे उठून खैराचे निखारे पाडून बाजेखाली सरकवले होते ते महाबळेश्वरनं. दाराबाहेरनं खाकरायचा, नजर खाली ठेवून आत यायचा, खापर सरकवायचा आणि जायचा. बोलायचा काही नाही. आज आठवा दिवस, थंडी कडक, म्हणून त्यानं जीपलाही शेक दिला होता. डोळ्यांना नीट दिसत नाही, त्यामुळे खापर इंजिनाच्या खाली जायच्या ऐवजी निम्मं पाइपाखाली गेलं.

राग आला का तिला? आला. मनात म्हणाली, अहो, एका शब्दानं विचारायचं होतंत. मग डोळे भरून आले, आणि मग आपण गाडीखाली पडून रडत बसलोय याचाच राग आला. ती बाहेर आली.

"काय झालं वैनी?" परशूनं विचारलं.

"पाइप गेलाय. जुना झालता."

"जुना न्हाई," ओट्यावरनं आवाज आला. महाबळेश्वर उभा राहिला होता. कांबळं खांद्यावरनं खाली घसरलं होतं. "दिवाळीला नवा घातलाय, म्या सांगून घातलाय. म्या पहाटं निखारे ठेवले खाली. म्याच जाळला."

सगळी वाडी ऐकत होती. तीस वर्षं या माणसानं दुसऱ्यांच्या चुका काढल्या होत्या, आणि आज सगळ्यांच्या तोंडावर स्वतःची सांगत होता. आधी बोलली ती केशरच.

"ते मागनं बघू, मामा. आधी हिकडं या. हातपंप दाबाय माणूस पायजे."

"मला कुठं दिसतंय, पोरी."

"ऱ्हाऊ दे. दाबाय डोळं न्हाई, ताकद लागते, ती हाय तुमच्यात." आणि परशूकडं वळून, "अण्णा, सुपारीला औषध मारायचा पंप हाय न्हवं तुमचा? त्याचा पाइप ह्याच जाडीचा हाय."

परशूचं तोंड बघण्यासारखं झालं. "वैनी, त्यो नवा हाय! औंदाच आणलाय!"

"वीतभर तुकडा पायजे. मी नवा आणून दीन."

"कापला की मग त्यो पाइप झाडाच्या शेंड्यापतोर..."

"परशूबाबा," मागनं रक्षा म्हणाली, "तुमची सुंदरीबी ह्याच गाडीनं जाते."

परशूनं स्वतःच्या लेकीकडं बघितलं. दप्तर छातीशी धरून पोरगी उभी होती. तो घराकडं पळाला आणि पंप, कोयता सगळंच घेऊन आला. मोजूनमापून कापायला केशर वाकली तोवर त्यानं स्वतःच चांगला हातभर तुकडा खाडकन तोडून दिला.

"डिझेलनं हा आठ-पंधरा दिसांत मऊ पडंल," केशर म्हणाली. "सांजच्याला येताना खरा पाइप आणतो. आजच्यापुरता चालतोय." भाजलेला भाग कापून तिनं नवा तुकडा बसवला, दोन्ही टोकांना तार गुंडाळून पकडीनं पीळ दिला, इतका की तळहाताला वळ उठला. मग वर येऊन फिल्टरवर वाकली.

महाबळेश्वर दाबत होता. फेस आला, मग मोठे बुडबुडे, मग लहान. पावणेआठ झाले.

"धार आली!" परशू ओरडला. "आली की वैनी! आता ढकला!"

"थांब," महाबळेश्वर म्हणाला. त्याला फेस दिसत नव्हता, धारही दिसत नव्हती. डोळे मिटून तो दाबत होता. "आत अजून हाय. बोटाला मऊ लागतंय."

"अहो काका, आठ वाजाय आले!"

"मामा म्हणतात हाय, तर हाय," केशर म्हणाली. "शेवटचा बुडबुडा निघंपतोर गाडी हलणार न्हाई."

म्हाताऱ्यानं आणखी दहा-अकरा वेळा दाबला. बाराव्या वेळी बोल्टच्या कडेशी एक टपोरा बुडबुडा आला, फुटला, आणि त्याच्या मागं स्वच्छ डिझेल आलं. हातपंप दगडासारखा घट्ट झाला. "आता घट कर," तो म्हणाला. केशरनं बोल्ट आवळला.

"मामा, बसा शेजारी."

"म्या कशाला?"

"बसा म्हणतो न्हवं!"

चावी अर्धी फिरवली. सेल्फ ओढायची ताकद बॅटरीत उरली नव्हती, पण हीटर तापवण्यापुरती होती. लाल दिवा लागला, मंद का होईना. तो विझल्यावर तिनं दुसरा गिअर टाकला, क्लच दाबून धरला आणि खिडकीतून हात दाखवला. दगड निघाले. बापये आणि बाया, सगळी मागं लागली. जीप हलली, उताराला लागली, पळायला लागली.

फणसापाशी तिनं क्लच सोडला. गाडीला हिसका बसला, इंजिन धडधड फिरलं, पण पकडलं नाही. वेग कमी झाला. गडग्याचं वळण आलं. खाली व्हाळाचं पाणी दिसायला लागलं. तिनं परत क्लच दाबला, गाडीला वेग घेऊ दिला.

"धूर!" मागून पळत येणारी रक्षा जिवाच्या आकांतानं ओरडली. "आई, पांढरा धूर! पांढरा!"

डिझेल पोचलं होतं! केशरनं ओठ दाबला आणि व्हाळ वीसेक पावलांवर असताना दुसऱ्यांदा क्लच सोडला. इंजिन एकदा शिंकलं, दोनदा शिंकलं, आणि मग एकदम चारही सिलिंडरांनी गर्जना केली. ब्रेकवर उभी राहिली ती. पुढची चाकं ओल्या वाळूत थांबली. वर सगळ्या वाडीनं एकच कल्ला केला.

महाबळेश्वर डॅशबोर्डवर हात ठेवून बसला होता. "गारठलेलं असतं तर ह्या एवढ्याशा उतारात पकडलंच नसतं," केशर त्याच्याकडं न बघता म्हणाली आणि तिनं गिअर मागं टाकला. "कोमट होतं म्हणून पकडलं. पाइप जाळलासा, आणि गाडीबी तुम्हीच वाचवलीसा." म्हाताऱ्यानं कांबळ्याच्या टोकानं नाक पुसलं, आणि जोयडा येईपर्यंत ते दोन-तीनदा पुसलं.

पोरांना घेऊन आठ वाजून दहाला निघालेली जीप शाळेच्या फाटकात शिरली तेव्हा घंटेचा दांडा शिपायाच्या हातात होता. पोरं उड्या टाकून आत पळाली आणि मग घंटा झाली. दीपाली टीचरनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. मग केशरचे कोपरापर्यंत काळे झालेले हात बघितले, केसात अडकलेली राख बघितली.

"वाटेत बंद पडली?"

"वाटंत न्हाई, टीचर. घरीच. पाइप गेलता. दुरुस्त करून आणली."

"कुणी दुरुस्त केली?"

"आम्ही."

टीचरनी ऑफिसातून कागद आणला आणि जीपच्या बॉनेटवरच ठेवला. "आठ दिवस झाले. गाडी पक्की. इथं ड्रायव्हरचं नाव लिहा. आणि इथं आणखी एक नाव लागतं, गाडीची जबाबदारी घेणारा दुसरा माणूस. मिस्टर आहेत का?"

"ते गोव्याला असतात," केशर म्हणाली. तिनं वर स्वतःचं नाव लिहिलं. खालच्या ओळीवर लिहिलं, महाबळेश्वर वेळीप.

टीचरनी जीपमध्ये बसलेल्या म्हाताऱ्याकडं, त्याच्या दुधाळ डोळ्यांकडं बघितलं. "हे गाडी चालवणार नाहीत ना?"

"न्हाई. चालवणार मी."

"मग यांचं काम काय लिहू?"

केशर जीपकडं वळली. तेवढ्यात आतून महाबळेश्वरच बोलला, घसा खाकरून, खापर घेऊन दाराशी यायचा तेव्हा खाकरायचा तसा.

"लिवा, टीचर. पहाटं गाडीला शेक देणं." आणि मग सुनेकडं तोंड करून, हळू आवाजात, "खापर कुठं ठेवायचं ते तेवढं तू दाखव. आता मी इचारून ठेवीन."